हडसन बेच्या काठचं चर्चिल: ऐन फेब्रुवारीत, ट्रेनने

रेवाकाठ | २१ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात चर्चिलला जाऊन आले, बरोबर बाबा होते. इथे आधी कुणी लिहिलंय का म्हणून शोधलं तर दोन धागे सापडले, दोन्ही पांढऱ्या अस्वलांच्या सीझनचे, विमानाने जायचं, दोन रात्री राहायचं, परत. हिवाळ्यात ट्रेनने गेलेलं कुणी दिसलं नाही म्हणून हा धागा काढते. सलग लिहायला जमणार नाही, आठवेल तसं लिहिते, प्रश्न विचारा.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात पार वर, चर्चिल नदी जिथे हडसन बेला मिळते तिथे. वस्ती २०२१ च्या जनगणनेत ८७०. गावात रस्ते आहेत पण बाहेरून गावात येणारा रस्ता एकही नाही, विमान नाहीतर ट्रेन. मी सात वर्षं विनिपेगला राहते, तिथून चर्चिल ट्रेनने साधारण १७०० किमी, आठवड्यातून दोनदा गाडी सुटते, दुपारी निघाली की तिसऱ्या दिवशी सकाळी पोचते, म्हणजे वेळेवर असली तर.

आता बाबांबद्दल, कारण ते नसते तर मीही विमानानेच गेले असते. बाबा ३४ वर्षं रेल्वेत होते, पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे, बराच काळ इगतपुरी आणि भुसावळकडे. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की रात्री-अपरात्री उठून जायचे, आम्ही लहानपणी तेच बघत मोठे झालो. यंदा आई-बाबा इकडे आलेत, आईला थंडी झेपत नाही म्हणून ती घरीच राहिली, आणि बाबांना मी नुसतं म्हटलं की इथे एक लाइन आहे जी बर्फाळ दलदलीवरून जाते, तर त्यांनी त्याच संध्याकाळी नकाशा काढायला लावला.

पहिली दुपार आणि रात्र सपाट गव्हाचा प्रदेश, काही खास नाही. रात्री गाडी सस्कॅचेवान प्रांतात शिरून परत मॅनिटोबात येते, सकाळी द पा नावाचं स्टेशन लागतं. हडसन बे रेल्वे म्हणतात ती खरी इथून सुरू होते, पुढचे ८२० किमी. थॉम्पसनच्या आसपास थिकेट पोर्टेज, पिक्विटोने अशी अगदी छोटी गावं आहेत, त्यांनाही बारमाही रस्ता नाही, तिथली क्री आदिवासी लोकांची कुटुंबं सामानाच्या पेट्या, डायपरची खोकी, एकदा तर अख्खा सोफा घेऊन चढली-उतरली. बाबा म्हणाले ही आपली पॅसेंजर आहे गं. खरंच तसंच होतं, टुरिस्ट आम्ही आणि अजून सात-आठ जण, बाकी सगळे घरी चाललेले.

गिलम गावानंतर झाडं खुजी व्हायला लागतात आणि गाडीचा वेगही कमी होतो. बाबा खिडकीला नाक लावून. त्यांनी पहिल्यांदा दाखवलं ते तारेचे जुने खांब. एकेक खांब उभा पुरलेला नाही, तीन-तीन खांब वर एकत्र बांधून तिपाईसारखे नुसते जमिनीवर ठेवलेत. खाली जमीन कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट, वरचा थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात परत गोठताना फुगतो, पुरलेला खांब असला तर तो दरवर्षी थोडा थोडा वर ढकलला जातो आणि शेवटी कलंडतो. तिपाई नुसती टेकलेली असते त्यामुळे जमीन हलली तरी ती आपली उभी. बाबांनी वहीत चित्र काढून ठेवलंय.

रुळांचंही तेच दुखणं. खडीचा भराव उन्हाळ्यात ऊन खातो, खालचं बर्फ कुठे वितळतं कुठे नाही, मग रूळ एकसारखा न बसता लाटेसारखा होतो. बाबांच्या भाषेत सगळा सेक्शन कायमचा कॉशनवर, म्हणजे गाडी हळूच चालवायची. मी विचारलं, मग दुरुस्ती कधी करत असतील, तर म्हणाले गोठलेल्या खडीचं पॅकिंग होत नाही, रुळाखाली ती ठासून बसवता येत नाही, म्हणजे यांच्या हातात उन्हाळ्याचे मोजके महिने, आपल्याकडे उलटं, पावसाळ्याआधी सगळं उरकायचं.

बाकी गावाबद्दल उद्या लिहिते, आता झोप आलीय.

---

सोनचाफा_ठाणे | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

किती छान लिहिलंयस गं! काकांना नमस्कार सांग. पण पहिला प्रश्न माझ्या लेकाचा, वय वर्षं ६: अस्वलं दिसली का?

---

उत्तरवारा | २२ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मी टोरांटोहून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेलो होतो (विमानाने, हो, त्या दोन धाग्यांतला एक माझाच). अस्वलं बघायची तर तेव्हाच. जुलैच्या सुमारास बेमधलं बर्फ फुटतं तेव्हा ती किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात पाणी परत गोठेपर्यंत वाट बघत थांबतात, चर्चिलजवळ नदीचं गोडं पाणी येत असल्याने तिथे बर्फ लवकर धरतं म्हणून ती तिथे गोळा होतात. आम्हाला मोठ्या चाकांच्या गाडीतून दीड दिवसात ११ दिसली. गावातल्या लोकांची शिस्त बघून मी थक्क झालो, गाड्यांना आणि बऱ्याच घरांना कुलूप लावत नाहीत, कुणाच्या मागे अस्वल लागलं तर त्याला पटकन आत शिरता यावं म्हणून. हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं घरोघर फिरतात तेव्हा गस्तीच्या गाड्या गावाभोवती उभ्या राहतात.

आणि गावात सारखं घुसणाऱ्या अस्वलांसाठी विमानतळाजवळ एका जुन्या हँगरमध्ये कोठड्या आहेत, लोक त्याला जेलच म्हणतात. तिथे त्यांना खायला देत नाहीत, नाहीतर माणसाकडे अन्न मिळतं हे त्यांच्या डोक्यात बसेल. तसंही त्या दिवसांत ती जवळजवळ उपाशीच असतात. मग हेलिकॉप्टरखाली जाळ्यात बांधून लांब नेऊन सोडतात.

---

रेवाकाठ | २२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

सोनचाफा, नाही दिसली, आणि दिसणार नाहीत हे माहीत असूनच गेलो होतो. लेकाला सांग की फेब्रुवारीत अस्वलं कामावर गेलेली असतात, लांब समुद्राच्या बर्फावर सील पकडायला. वर्षभराचं खाणं त्या काही महिन्यांत होतं. पिल्लं होणाऱ्या माद्या तेवढ्या जमिनीवर, गावाच्या दक्षिणेला वापुस्क नॅशनल पार्कात बिळांत असतात, पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्यांदा बाहेर येतात. वापुस्क म्हणजे क्री भाषेत पांढरं अस्वल.

बर्फ उशिरा धरतं आणि लवकर फुटतं तसे त्यांचे उपासाचे दिवस वाढतात. पश्चिम हडसन बेच्या कळपाची २०१६ ची मोजणी ८४२ होती, २०२१ ची ६१८. गाइड हे आकडे सांगताना थांबला होता जरा, त्याचं सगळं आयुष्य तिथे गेलंय.

आता गाव. स्टेशनवर उतरलो तेव्हा उणे ३४, वारा धरून उणे ४८. मला विनिपेगची सवय आहे, उणे ३० तिथेही होतं, पण हा वारा वेगळा आहे, वायव्येकडून गोठलेल्या समुद्रावरून सरळ येतो, अडवायला काही नाही. झाडंसुद्धा सांगतात, स्प्रूसच्या (सुईसारख्या पानांचं झाड) फांद्या फक्त एका बाजूला उरल्यात, वाऱ्याकडची बाजू बर्फाच्या कणांनी खरवडून गेलीय, लांबून झेंडे लावल्यासारखी दिसतात.

गावाच्या एका टोकाला टाउन सेंटर कॉम्प्लेक्स म्हणून मोठी इमारत आहे, १९७० च्या दशकातली. शाळा, दवाखाना, लायब्ररी, पोहण्याचा तलाव, सिनेमा, सगळं एका छपराखाली, पोरांना थंडीत बाहेर पडायला नको. आम्ही रोज दुपारी तिथे जाऊन बसायचो. मागच्या बाजूच्या काचेतून बे दिसतो. समुद्र म्हणून जे आपल्या डोक्यात असतं त्यातलं काहीच नाही, लाट नाही, आवाज नाही, आणि मला सगळ्यात चुकल्यासारखं वाटलं ते वासाचं, खारा वासच नाही. काठाशी मात्र बर्फ सपाट नाहीये, भरती-ओहोटी मोठी असल्याने खालून पाणी चढतं-उतरतं आणि वरचं बर्फ फुटून त्याचे पुरुषभर उंचीचे ढीग झालेत, निळसर. तिथे उभं राहिलं की कधीतरी खालून करकर ऐकू येते.

---

फ्योर्डकर | २३ फेब्रुवारी, दुपारी २:२०

मी नॉर्वेत स्टॅव्हँजरला असतो. धागा वाचून अक्षांश बघितले, चर्चिल आणि माझं गाव जवळपास एकाच अक्षांशावर, ५९ च्या किंचित आत! माझ्याकडे जानेवारीत पाऊस, बंदर कधी गोठत नाही, मुलं रेनकोट घालून शाळेत जातात. ट्रॉम्सो तर ६९ च्या पुढे, तिथेही जानेवारीची सरासरी उणे ३-४ च्या आसपास, चर्चिलची उणे २६ दिसतेय. आमच्याकडे अटलांटिकचा गरम प्रवाह येतो आणि वारा समुद्रावरून येतो, तुमच्या बेला तो प्रवाह पोचतच नाही, उथळ बे, अख्खा गोठतो, मग तो समुद्र राहतच नाही, वाऱ्याच्या दृष्टीने ती बर्फाची जमीनच.

एक विचारायचं होतं, त्या अक्षांशाला ध्रुवीय रात्र नसणार, मग अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातले ते रंगीत प्रकाशाचे पट्टे, कसे दिसतात? ट्रॉम्सोला लोक जातात ते अंधारासाठी.

---

रेवाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री १०:००

बरोबर, ध्रुवीय रात्र नाही, आम्ही होतो तेव्हा दिवस नऊ-साडेनऊ तासांचा होता. पण अरोराचं कडं भूचुंबकीय ध्रुवाभोवती असतं, भौगोलिक नाही, आणि तो ध्रुव कॅनडाच्या बाजूला असल्याने इथे कमी अक्षांशावरही ते कडं डोक्यावर येतं. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये बे पूर्ण गोठलेला असल्याने वाफ कमी, ढग कमी. शरदात ढगच फार असतात.

आम्हाला चारपैकी दोन रात्री दिसलं. पहिल्या रात्री नुसता हिरवट पट्टा, डोळ्यांना जवळजवळ पांढराच, कॅमेऱ्यात हिरवा. तिसऱ्या रात्री मात्र साडेअकराच्या सुमारास पूर्वेकडून सुरू झालं आणि दहा-बारा मिनिटं अख्खं आकाश हलत होतं, कडेला गुलाबी. बाबा काहीच बोलले नाहीत. नंतर आत आल्यावर चहा घेताना म्हणाले, तुझ्या आईला आणायला हवं होतं.

---

गोदातीर | २४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

रेवा, आम्ही नवराबायको मार्चमध्ये जायचं ठरवतोय, कॅल्गरीहून. बायको शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. खाण्याचं काय? आणि कपडे? डॉलरचा हिशोब नको, काय लागेल तेवढं सांग.

---

रेवाकाठ | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

गोदातीर, जरूर जा.

खाणं: ट्रेनमध्ये मिळतं ते मोजकं आणि गरम करून दिलेलं, शाकाहारी फारसं नाही, त्यामुळे दोन दिवसांची शिदोरी घ्याच. आम्ही दशम्या, लसणाची चटणी, मेथीचे ठेपले, भाजके पोहे, मेतकूट आणि इन्स्टंट उपम्याची पाकिटं नेली, गरम पाणी मागितलं की मिळतं. राहायची जागा बघताना किचन आहे का ते बघा, आम्ही खोलीत मुगाची खिचडी करायचो. गावात किराण्याचं मोठं दुकान आहे, दूध, डाळी, तांदूळ, बटाटे मिळतात पण सगळं ट्रेनने किंवा विमानाने आलेलं, भाव विनिपेगपेक्षा खूप जास्त. बॅनक म्हणून जाडसर पाव मिळतो तो वहिनींना चालेल, पण तळलेला असेल तर कशात तळलाय ते विचारून घ्या, पूर्वापार चरबी वापरतात. गावाबाहेर २३ किमीवर जुन्या रॉकेट तळाच्या जागी नॉर्दर्न स्टडीज सेंटर आहे, त्यांनी एका कंटेनरमध्ये दिव्यांखाली पालेभाज्या पिकवायला सुरुवात केली, उणे ४० मध्ये ताजा हिरवा पाला म्हणजे काय चीज आहे ते तिथे कळतं.

कपडे: अंगालगत कॉटन अजिबात नको, घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. लोकरीचं किंवा थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं. हातमोज्यांत बोटं सुटी असणारे पातळ आतून आणि मिटन (चारही बोटं एकत्र राहणारे) बाहेरून. जाड पार्का आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, सफरवाल्यांना आधी विचारा.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: कानातले, नथ, चमकी, मंगळसूत्र, सगळं धातूचं बाहेर पडायच्या आधी काढून ठेवायचं. मी कुड्या काढायला विसरले, वीस मिनिटांत कानाची पाळी पांढरी पडली, गाइड बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, त्यांनी तळहात धरून ऊब दिली, चोळू दिलं नाही. चोळायचं नाही हे लक्षात ठेवा. चष्मा असेल तर श्वासाने काच गोठते, तोंडावरचा रुमाल नाकाच्या वर घट्ट बसायला हवा. फोन आतल्या खिशात, बाहेर काढला की दहा मिनिटांत बंद पडतो. कॅमेरा खोलीत आणताना बाहेरच पिशवीत बंद करून मग आत आणा, नाहीतर आतून दव धरतं.

---

अश्वत्थ | २४ फेब्रुवारी, रात्री ११:१०

धागा सुंदर चाललाय. एक जुनी कुतूहलाची गोष्ट, इतक्या वर रेल्वे नेलीच कशाला? अस्वलांसाठी तर नाही.

---

रेवाकाठ | २५ फेब्रुवारी, रात्री ९:२५

अश्वत्थ, गव्हासाठी. प्रेअरीतला, म्हणजे इकडच्या सपाट प्रदेशातला गहू युरोपात पाठवायला हडसन बेमधून जलमार्ग जवळचा पडतो. आधी पोर्ट नेल्सन ठरलं होतं, तिथे पूल आणि बंदरासाठी कृत्रिम बेटसुद्धा बांधलं, मग पहिल्या महायुद्धात काम बंद पडलं, गाळही फार होता, शेवटी १९२७ मध्ये चर्चिल ठरलं. रूळ १९२९ मध्ये पोचले, बंदर १९३१ मध्ये सुरू झालं. धान्याचं प्रचंड एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठार, अजून उभं आहे, गावात कुठूनही दिसतं. जहाजं फक्त उन्हाळ्यात आणि शरदात.

आणि मग २०१७. मार्चमध्ये मोठी हिमवादळं, मेमध्ये ते सगळं वितळून पूर, गिलमच्या पुढे वीसेक ठिकाणी भराव वाहून गेला. दुरुस्ती कुणी करायची यावरून मालक कंपनी आणि सरकार यांच्यात वाद, आणि तेवढ्यात दीड वर्षं गेलं. २०१८ च्या शरदात रूळ जोडले गेले. त्या काळात दूध, बटाटे, सगळं विमानाने, काही कुटुंबं गाव सोडून गेली. आम्ही जिथे राहिलो तिथल्या मालकीणबाई सांगत होत्या की पहिल्या गाडीची शिट्टी ऐकली तेव्हा लोक घरातून पळत बाहेर आले, त्या स्वतः चपला न बदलता बर्फात. बाबांनी त्यांना घाटातल्या दरडींचं सांगितलं, मी मध्ये दुभाषी, दोघं तासभर बोलत होते. आता ती लाइन आणि बंदर तिथल्या आदिवासी नेशन्स आणि उत्तरेतल्या गावांच्याच मालकीचं आहे, हे मला फार बरं वाटलं.

कारण त्या लोकांशी फार वाईट वागलं गेलंय. अरोरा बघायला जाणाऱ्यांनी हे वाचून जावं असं मला मनापासून वाटतं. सायिसी डेने हे तिथले आदिवासी लोक कॅरिबूच्या (रेनडियर) कळपांमागे राहणारे, लिटल डक लेकजवळ. ते कॅरिबू फार मारतात असा चुकीचा ठपका ठेवून १९५६ मध्ये सरकारने त्यांना विमानात घालून चर्चिलच्या उघड्या किनाऱ्यावर आणून सोडलं, अडीचशेच्या आसपास माणसं. ना शिकार, ना धड घरं, पुढच्या काही वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश लोक थंडीने, आगीत, दारूत, हाणामारीत गेले. १९७३ मध्ये उरलेले स्वतःहून टडुल लेकला परत रानात गेले. केंद्र सरकारने माफी मागितली ती २०१६ मध्ये. गावाबाहेर जिथे त्यांची वस्ती होती तिथे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा अर्धं बर्फात होतं, बाबांनी मिटनने नावांवरचं बर्फ बाजूला केलं.

---

सोनचाफा_ठाणे | २६ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

हे वाचून सकाळी सकाळी गलबलून आलं. धरणग्रस्तांची आठवण झाली, आमचं मूळ गाव कोयनेत गेलं, आजी शेवटपर्यंत जुन्या घराचा उंबरा सांगायची.

---

उत्तरवारा | २६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

मी तीन दिवस तिथे होतो आणि यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. धन्यवाद रेवाकाठ.

एक भर घालतो. नदीच्या पलीकडे प्रिन्स ऑफ वेल्स फोर्ट आहे, दगडी, १७३१ पासून चाळीस वर्षं बांधत होते, आणि १७८२ मध्ये फ्रेंच आले तेव्हा एकही गोळी न झाडता त्यांच्या हाती गेला. जवळ स्लूप कोव्ह नावाच्या खाचेत तेव्हा जहाजं हिवाळ्यात बांधून ठेवत, खडकांवर १७६७ साली कोरलेलं सॅम्युअल हर्न या शोधप्रवाशाचं नाव अजून आहे. आज तिथे जहाज जाऊच शकत नाही, कारण हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यापासून जमीन अजून वर येतेय, शतकात साधारण एक मीटर. हे मात्र उन्हाळ्यातच बघायला मिळतं, बेलुगा देवमासे नदीत येतात तेव्हा.

---

गोदातीर | २७ मार्च, रात्री ८:५५

आलो जाऊन! ट्रेनने गेलो, जाताना नऊ तास लेट, येताना चार. कुणी जाणार असेल तर परतीच्या दिवशीच पुढचं विमान घेऊ नका, आम्ही विनिपेगला एक रात्र मध्ये ठेवली होती म्हणून वाचलो.

अरोरा तीन रात्रींत एकदाच, थोडा वेळ. बायकोला कुत्र्यांची स्लेज (कुत्रे ओढतात ती बर्फावरची गाडी) सगळ्यात आवडली, निघायच्या आधी ती कुत्री इतकी ओरडतात की कानठळ्या बसतात आणि सुटली की एकदम गप्प, मग फक्त बर्फावरून घसरणाऱ्या लाकडाचा आवाज. इत्सानिताक म्युझियम बघितलं, एकच हॉल आहे पण इनुइट लोकांनी दगडात, हाडात, वॉलरसच्या सुळ्यात कोरलेली अंगठ्याएवढी माणसं, कयाक, सील बघत दोन तास कसे गेले कळलं नाही.

डेने स्मारकाला गेलो. वारा खूप होता, पाच मिनिटंच थांबता आलं.

काकांना सांग, तिपाईचे खांब मोजायला बसलो होतो, अंधार पडेपर्यंत २१२ झाले. आणि परतीला गिलमच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा बाहेर रुळावर चालणारी पिवळी गाडी आणि चार माणसं होती, एकाच्या हातात लांब कांब, बर्फ फोडत होता, उणे २७ होतं. फोटो काढलाय, काचेतून आहे त्यामुळे धूसर आलाय, तुला व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

रेवाकाठ | २७ मार्च, रात्री ११:३०

पाठव पाठव. बाबा परवा नाशिकला परत गेले, तिकडे पाठवते लगेच. कांब कुठे मारत होता ते नीट दिसतंय का, सांध्यावर की पॉइंटवर (गाडी रूळ बदलते तिथे)? फोटो बघितला की ते पहिलं हेच विचारणार.